अंगावर काढलेलं

२० नोव्हेंबर १९८६
हाक्सोम बेट

ताई,

तुला पाठवलेली पत्रं परत येत नाहीत, म्हणजे तू अजून इंचनच्या त्याच पत्त्यावर आहेस. उत्तर येत नाही, म्हणजे तुझा रागही त्याच पत्त्यावर आहे. असू दे. मी माफी मागायला लिहीत नाही. तू विगांच्या कारखान्यात केस ओवून ओवून मला शिकवलंस, आणि मी मास्तरीण व्हायचं सोडून एका खलाशाशी लग्न केलं, या बेटावर येऊन समुद्रपाला, ते खायचं शेवाळ, वाळवत बसले. सहा वर्षांपूर्वी हे तुला पटलं नाही. मला पटलं होतं, आजही पटतं. पण इथे अशी कुणी नाही जिला मी एखादी गोष्ट विचारू शकेन.

मला दिवस गेलेत.

ह्योन-थे मागच्या वर्षापासून मोठ्या जहाजावर आहे, दक्षिणेच्या समुद्रात टूना पकडतं ते जहाज. यंदा सप्टेंबरात चुसोकच्या सणाला आला आणि महिनाभर घरी राहिला. तो गेला आणि मागोमाग पाळी चुकली. आमच्या आरोग्य-केंद्रात सरकारनं एक नर्स नेमलीय, हान बाई. माझ्याहून लहान. बेटावरच्या बायका तिला 'गोळ्यावाली पोरगी' म्हणतात. तिनं लघवी तपासली आणि म्हणाली, "अभिनंदन!" मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून बाहेर आले. आनंद करायची भीती वाटली. का, ते तुला माहीत नाही. ते पत्र मी लिहिलं होतं आणि फाडलं होतं.

मागच्या वर्षाच्या सुरुवातीला माझं पोट पडलं. तिसरा महिना होता. ऐन हंगाम, मी खाडीतून ओल्या पाल्याच्या टोपल्या वाहत होते. दुपारी अंगावरून जायला लागलं. सासूबाईंनी खालून चुलीनं तापवलेल्या जमिनीवर निजवलं, वर दोन गोधड्या घातल्या. दिवस मावळेपर्यंत सगळं संपलं. त्यानंतर पंधरवडाभर जातच राहिलं, मध्ये चांगला ताप भरला. डॉक्टरचं नाव कुणी काढलं नाही, मीही नाही. सासूबाई म्हणाल्या, "माझी तीन गेली. कुणापुढे रडले का मी? बाईचा जन्म, अंगावरून जायचंच. त्या टोपल्या उचलल्या नसत्यास तर राहिलं असतं."

बाकीचं विसरले. टोपल्यांचं वाक्य विसरत नाही.

काल पुन्हा डाग दिसला. तपकिरी, नाण्याएवढाही नाही. मी सरळ हान बाईकडे गेले. ती विचारत गेली: किती, कोणत्या रंगाचा, गाठी होत्या का, दुखतं का, दोन्हीकडे की एकाच अंगाला. मी म्हटलं, दुखत नाही.

"आज दुखत नाही तर आज घरी जा. थोडा डाग पुष्कळजणींना दिसतो आणि सगळं नीट पार पडतं," ती म्हणाली. "तरी पुढच्या बोटीनं मोकपोला जाऊन डॉक्टरांना दाखवून या. आणि जास्त जायला लागलं, ताप आला, एका कुशीत कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, खांदा विनाकारण दुखायला लागला, तर बोटीची वाट बघत बसू नका. माझ्याकडे या. मी झोपले असले तर दार तोडा."

"खांदा?" मला हसू आलं. "पोटाचा आणि खांद्याचा काय संबंध?"

"आहे," ती म्हणाली. हसली नाही.

काळजीचं काही नाही. सहज लिहिलं.

ओक-सिम


२५ नोव्हेंबर

ताई,

मी बरी आहे. वारा सुटलाय, मोकपोची बोट बंद आहे. वारा असला की पाला छान वाळतो, त्यामुळे सासूबाई खूश आहेत. त्यांना स्वप्न पडलं: लाटेतून एक लालभडक मोठा मासा उडाला आणि त्यांच्या घागऱ्याच्या ओच्यात येऊन पडला. सुनेच्या पोटातल्या पोराचंच हे स्वप्न, म्हणून त्यांनी सगळ्या बेटाला सांगितलं. शेजारची कोमदोकडची काकू, तिकडून लग्न होऊन आलेली, मला बघून ओरडली, "काय गं, मासा कसा आहे?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले.

आता ज्या पोराचं स्वप्न गावभर झालं, त्याच्याबद्दल 'मला भीती वाटते' असं कुणाला सांगू?

मी सासूबाईंना म्हटलं, वारा पडला की मोकपोला जाऊन येते. त्या म्हणाल्या, "त्या हेलकाव्यात पाच तास? रुजलेलं उपटायला निघालीस का? एकदा घालवलंस तेवढं पुरे नाही झालं?" नंतर त्यांनीच अंडं उकडून माझ्या भातात ठेवलं. घरातलं शेवटचं अंडं होतं. त्या वाईट नाहीत, ताई. वाईट असत्या तर सोपं गेलं असतं.

ह्योन-थेला अजून कळवलं नाही. पत्र पोचायला दोन महिने लागतात. तो वाचेल तोवर काय झालेलं असेल कुणास ठाऊक. कसलं पत्र लिहायचं मग, आनंदाचं की दुसरं?

डाव्या ओटीपोटात दुखतं.

हे मी आत्ता पहिल्यांदा लिहिलं. तोवर हे मी माझ्याशीही बोलले नव्हते.


४ डिसेंबर
मोकपो

ताई,

घाबरू नकोस. 'मेलीस तरी मला कळवू नकोस' असं तू म्हणाली होतीस. मी जिवंत आहे, म्हणून कळवते.

मागच्या शुक्रवारी सकाळी आम्ही अंगणात चौकटींवर पाला थापत होतो. मी उकिडवी बसले होते. उठायला गेले तर समोरचा समुद्र पांढरा झाला. कळ होती तिथेच होती, पण आता डावा खांदा दुखायला लागला, आतून कुणी खिळा ठोकावा तसा. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, खांदा दुखतोय."

"दोन दिवस चौकटी उचलतेस, दुखणारच. जा, पड जरा."

मी आत जाऊन आडवी झाले, तर खांदा आणखीच दुखायला लागला. खरं सांगू? मला झोपून राहावंसं वाटत होतं. जमीन ऊबदार होती. वाटलं, मागच्या वेळीही असंच पडून राहिलो, गेलं ते गेलं, आपण तर राहिलो. उठून गेलं तर बायका म्हणतील, आली मोठी शिकलेली, जराशा दुखण्याला डॉक्टर. कशानं उठले सांगता येत नाही. हान बाई हसली नव्हती, तेवढंच डोक्यात होतं. मी जोडे चढवले.

सासूबाई अंगणातून ओरडल्या, "कुठे निघालीस?"

"आरोग्य-केंद्रात."

"त्या पोरीकडे? तिला स्वतःला पोर आहे का?"

मी थांबले नाही. वाटेत दोनदा भिंतीला धरून बसले. हान बाईनं माझा चेहरा पाहिला, नाडी पाहिली, आणि किनाऱ्याकडे पळाली. बोट अजून बंदच होती. कोमदोकडच्या काकूचा नवरा जाळी शिवत बसला होता. हान बाईनं त्याला काय सांगितलं माहीत नाही. त्यानं वाऱ्याकडे पाहिलं, थुंकला, आणि इंजिन सुरू केलं.

मला बोटीत निजवत होते तेव्हा सासूबाई धक्क्यावर आल्या. मला वाटलं, आता अडवतील. अंगावरची कापूस भरलेली बंडी काढून त्यांनी वरून माझ्यावर टाकली आणि पाठ फिरवून चालायला लागल्या. त्या वाऱ्यात नुसत्या सदऱ्यावर.

पुढचं तुटक आठवतं. हान बाई सारखी माझ्या गालावर चापट्या मारत होती आणि काहीबाही विचारत होती. शाळेचं नाव काय, पाढे येतात का. नवाचा पाढा म्हणवून घेतला तिनं माझ्याकडून. तू मला शिकवला होतास तो.

गर्भ पिशवीत रुजलाच नव्हता, ताई. वाटेतच, नळीत अडकला होता. तिथे पोर वाढत नाही, वाढायला जागाच नसते. नळी फुटली आणि आतल्या आत रक्त साचलं. बाहेर डाग तेवढा. डॉक्टरांनी पोट उघडून ती नळी काढली, दुसऱ्याचं रक्त चढवलं. ऑपरेशनच्या आधी त्यांना नातेवाईकाची सही हवी होती. नवरा कुठे? समुद्रात. सासू? बेटावर. "मग यांचं आहे कोण?" असं त्यांनी मोठ्यानं विचारलं, ते मला ऐकू आलं. हान बाई म्हणाली, "मी. थोरली बहीण." आणि सही केली.

ती माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे.

डॉक्टर पिकल्या केसांचे आहेत, फारसं बोलत नाहीत. तिसऱ्या दिवशी ते टाके बघायला आले तेव्हा मी विचारलं, "मी टोपल्या उचलल्या नसत्या तर?"

"कोणत्या टोपल्या?"

मग मी त्यांना मागच्या वेळचंही सांगितलं. ते म्हणाले, "त्याचा आणि टोपल्यांचा संबंध नाही. याचाही नाही. बहुतेक वेळा बीजच धड धरलेलं नसतं. तुम्ही निजून राहिला असतात तरी गेलं असतं."

मी पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. तेव्हा त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून हातात घेतला आणि खाटेच्या कडेला बसले. "हे बघा, टोपल्या उचलून पोरं पडत असती ना, तर या किनाऱ्यावर एकही माणूस जन्माला आला नसता."

मी भिंतीकडे तोंड केलं. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. दोन वर्षं जी टोपली डोक्यावर होती ती कुणी उतरवून ठेवली, तर मान हलकी व्हायला हवी ना? माझी मान नुसतीच दुखत राहिली.

दुसरी नळी शाबूत आहे. मूल होऊ शकतं म्हणाले. "पण पुढच्या वेळी पाळी चुकली की हसत या, रडत या, कशाही या, आधी इकडे या. आणि मागच्या वेळसारखा ताप आला तर तो अंगावर काढायचा नाही. त्यानंही बायका मरतात."

शेजारच्या खाटेवरच्या बाईला रोज तिची बहीण भेटायला येते. सोलून सोलून संत्री भरवते, आणि वर भांडते. तुला उगाच लिहिलं हे.

ओक-सिम


१२ जानेवारी १९८७
हाक्सोम

ताई,

हे पत्र मागणीचं आहे. ते आधीच सांगते, म्हणजे चिडायचं तर आत्ताच चिडून घे.

मी घरी आले तेव्हा सासूबाईंनी समुद्रपाल्याचं सार करून ठेवलं होतं. बाळंतिणीला देतात तेच. पहिल्या वेळी दिलं नव्हतं. भांडं माझ्यापुढे सरकवून त्या म्हणाल्या, "अंग झिजतं ते सारखंच झिजतं. पी." एवढंच. महिनाभर मला पाण्याला हात लावू दिला नाही. त्या मासा दिसलेल्या स्वप्नाबद्दल परत बोलल्या नाहीत. बायकांनी विचारलं तर म्हणायच्या, "म्हातारीचं स्वप्न ते. झोपेत भूक लागली असेल."

ह्योन-थेला मी सगळं लिहिलं, दोन्ही वेळचं. पहिल्या वेळी तो मागच्या खोलीत होता आणि मी त्याला 'बायकांचं दुखणं' एवढंच सांगितलं होतं.

दोन आठवड्यांपूर्वी आम्ही वाळलेल्या पाल्याच्या थप्प्या बांधत होतो. सासूबाई मान खाली घालून म्हणाल्या, "त्या मोकपोच्या डॉक्टरनं तुला विचारलं असेल ना, किती जातं, कोणत्या रंगाचं जातं?"

"हो."

"म्हातारीला पण विचारतात का असं?"

"कोणत्या म्हातारीला?"

"असेल एखादी. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली."

माझ्या हातातली दोरी तशीच राहिली. "आई, तिच्या अंगावरून जातं?"

"मध्ये मध्ये." त्या थप्पी ठोकून ठोकून सरळ करत राहिल्या. ती सरळच होती. "आता रोजच जातं. वासही येतो. विधवेच्या अंगावरून जातं म्हटल्यावर गाव काय म्हणेल तिला? ती कुणाला सांगत नाही."

"कधीपासून?"

"तुझं पहिलं पडलं ना, त्याच्या आधीपासून."

ताई, मला गोधड्या घालून निजवणारी, 'बाईचा जन्म, जायचंच' म्हणणारी ही बाई तेव्हा स्वतःच्या घागऱ्याखाली कापडं बांधून हिंडत होती. आम्ही दोघी एका छपराखाली, एका भांड्यातून जेवत, एकमेकींपासून तेच लपवत होतो. मला राग यायला हवा होता. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि म्हणाल्या, "पाला चुरगळेल."

दुसऱ्या दिवशी हान बाई घरी आली. तिला बघून सासूबाई कडाडल्या, "ही पोरगी मला बघणार? हिच्या वयाचे माझे जोडे आहेत." पण उठून आत गेल्या आणि दार लावून घेतलं. हान बाई बाहेर आली तेव्हा तिनं मला बाजूला घेतलं नाही, त्यांच्यादेखतच म्हणाली, "आज्जी, उद्या बोट आहे."

बोटीत सासूबाईंना इतक्या उलट्या झाल्या की त्या मला शिव्या घालू शकल्या नाहीत. डॉक्टरांनी तपासलं, तुकडा काढून पाठवला. काल निरोप आला. पिशवीच्या तोंडाशी कॅन्सर आहे. पसरला आहे की नाही ते मोठ्या दवाखान्यातच कळेल. सोलला जायचं, पाच-सहा आठवडे रोज किरण घ्यायचे. सोलमध्ये आमचं कुणी नाही. इंचनहून गाडीनं रोज जाता येतं असं हान बाई म्हणते.

तुझ्याकडे एक खोली आहे का, ताई? मला नको आहे, तिला हवी आहे. मी दाराशी जोड्यांजवळ निजेन. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर मी दिवसभर बाहेर राहीन. नाही म्हणायचं असेल तर नेहमीसारखी गप्प राहा. पण यावेळी तुझ्या गप्प राहण्याला मी नकार समजणार नाही. जुन्या पंचांगाचं नवं वर्ष सरलं की आम्ही दोघी तुझ्या दाराशी येऊन उभ्या राहणार आहोत.

ओक-सिम


२२ फेब्रुवारी १९८७
इंचन, तुझ्याच मागच्या खोलीतून

ताई,

एकाच घरात राहून तुला पत्र लिहिते आहे. आपण दोघी वेड्याच आहोत.

तू दार उघडलंस, सासूबाईंकडे पाहिलंस, माझ्या डोक्यावरून मागे पाहिलंस आणि म्हणालीस, "जोडे आत घ्या, इथे चोरीला जातात." त्यानंतर आजवर तू माझ्याशी बोललेली नाहीस. त्यांच्याशी बोलतेस. त्यांना 'आई' म्हणतेस. किरणांनी त्यांना अन्न नकोसं होतं, म्हणून तू पातळ पेज करून ठेवतेस, आणि ती नको म्हटलं की त्यांना धाक घालतेस, "आई, ही बशी रिकामी झाल्याशिवाय मी शिलाईला बसणार नाही, गिऱ्हाईक गेलं तर तुमच्या नावावर." त्या खातात. माझं त्या कधी ऐकत नाहीत. गुरुवारी तू त्यांना न्हाणीघरात नेलंस, पाठ चोळून दिलीस. परत आल्यावर त्या मला म्हणाल्या, "तुझी बहीण चांगली आहे. जीभ मात्र तुझ्यापेक्षा वाईट." त्यांना बरं वाटत होतं.

डॉक्टर म्हणतात, आजार अजून त्याच जागी आहे. वर्षापूर्वी आल्या असत्या तर सोपं होतं. अजून वर्षानं आल्या असत्या तर हात लावला नसता. पुढचं कुणी सांगत नाही. मीही विचारत नाही. सासूबाई तिथे बाकावर बसलेल्या बायकांना विचारत असतात. "तुझं कधीपासून जातं गं?" असं चारचौघांत, मोठ्यानं. बायका आधी लाजतात, मग बोलायला लागतात.

ह्योन-थेची तार आली. 'तू बरी आहेस का. आई बरी आहे का.' आधी मी, मग आई, याचं सासूबाईंना वाईट वाटलं नाही असं त्या म्हणतात.

आज रविवार. त्या पेज घेऊन झोपल्या होत्या. दुपारी पुढच्या तुझ्या शिलाईच्या खोलीत एक गिऱ्हाईक आलं. मधलं दार कागदाचं, सगळं ऐकू येतं. तुला ते माहीत आहे.

बाई म्हणाली, "हा कोट कमरेत सोडून देता का? लागत नाही आता."

तू विचारलंस, "कितवा?"

"पाचवा लागला. परवापासून लाथा मारतोय मेला."

ती हसत होती. तू टेप लावून माप घेतलंस. आणखी किती वाढेल त्याचा हिशेब धरून चार बोटं जास्त सोडायचं ठरवलंस. ती गेली. तू मशीनवर बसलीस.

मी सासूबाईंचे मोजे घडी करत होते. आजवर मला रडू आलं नव्हतं. बोटीत नाही, खाटेवर नाही, सार पितानाही नाही. आणि आज एका परक्या बाईच्या कोटावरून ते आलं. पहिल्या वेळचं आणि दुसऱ्या वेळचं, दोन्ही एकदम. मी मोज्यांचा बोळा तोंडात धरला, पण आवाज फुटलाच.

मशीन थांबलं.

तू उठशील असं मला वाटलं. कागदावर तुझी सावली होती, हलत नव्हती. तू उठली नाहीस, दार सरकवलं नाहीस. मी रडत राहिले, अगदी लहानपणी रडायचे तशी, उचक्या लागेपर्यंत. खूप वेळ. माझ्यामागे अंथरुणात सासूबाई जाग्या झाल्या असाव्यात, त्यांनी कूस बदलली.

त्या बाईचा कोट संध्याकाळी द्यायचा होता, ते मी ऐकलं होतं. तरी माझं रडणं पुरतं थांबेपर्यंत तुझं मशीन सुरू झालं नाही.

ओक-सिम